सवयीची खुंटी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय घ्या, एवढंच संयोजकांनी मला सांगितलं होतं. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवण्यात माझं आयुष्य गेलं. मोठे आजार, मोठी ऑपरेशनं आणि महागडी यंत्रं यांवर अधिकारानं बोलणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते कुणाच्या नजरेतही न भरणाऱ्या रोजच्या सवयींवर. जेवल्यावर दहा मिनिटं चालणं, ताटात वरून मीठ न घेणं, ठरल्या वेळी अंथरुणाला पाठ टेकणं, रक्तदाबाची गोळी न चुकवणं, तहान लागली की पाणी पिणं, दिवसातून एकदा तरी कुणाशी मोकळेपणानं बोलणं. गोष्टी एवढ्याशाच आहेत. पण इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर माझं मत असं झालंय की माणसाचं म्हातारपण कसं जाणार, हे बऱ्याच अंशी या एवढ्याशा गोष्टींवर ठरतं. माझं दुसरं मत मला आज मुख्यतः मांडायचंय. या सवयी लागत नाहीत म्हणून आपण माणसाला आळशी ठरवतो, ते अन्यायाचं आहे. बहुतेकांच्या दिवसात ती सवय टांगायला खुंटीच नसते.

पहिल्या मताला आधार काय, ते आधी सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अलामेडा नावाची काउंटी आहे. १९६५ साली डॉ. लेस्टर ब्रेस्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे सात हजार प्रौढांना काही साधे प्रश्न विचारले. झोप किती तास होते? सकाळी न्याहारी करता का? दोन जेवणांच्या मध्ये सारखं काही खात राहता का? वजन किती? व्यायाम होतो का? दारू किती? सिगारेट ओढता का? मग कोण किती जगलं, याचा माग ठेवला. सातांपैकी सहा किंवा सातही चांगल्या सवयी असलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाचं पुढचं अपेक्षित आयुष्य, तीन किंवा त्याहून कमी सवयी पाळणाऱ्या पुरुषापेक्षा ११ वर्षांनी जास्त निघालं. स्त्रियांमध्ये हा फरक ७ वर्षांचा होता. अशा पाहणीतून सगळं सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. नीट झोपणारा, वेळेवर खाणारा माणूस बहुधा बऱ्या परिस्थितीतलाही असतो, आणि परिस्थितीचं श्रेय सवयीला जाऊ शकतं. पण ११ वर्षांचा फरक आहे, तो दुर्लक्षून चालणार नाही.

मला स्वतःला याहून जास्त पटणारा पुरावा लंडनच्या बसमधला आहे. दुसरं महायुद्ध संपलं होतं आणि हृदयविकाराचं प्रमाण वाढत चाललं होतं. ते का वाढतंय हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करायचं ठरवलं. दोघं एकाच गाडीवर, एकाच वस्तीतले, पगारातही फार अंतर नाही. ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून असायचा, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मॉरिस यांचे निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी त्याचा तडाखा कमी बसत होता. लोकांनी शंका काढली की ड्रायव्हर मुळातच जाड असतील. मॉरिस यांनी काय केलं असेल? त्यांनी कंपनीकडून गणवेशाच्या नोंदी मागवल्या आणि विजारींच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्याच, पण बारीक कमरेच्या ड्रायव्हरलाही बारीक कंडक्टरपेक्षा धोका जास्त होता. त्यांनी सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांची तुलना केली, तेव्हाही चित्र तेच दिसलं.

यातल्या एकाही कंडक्टरनं व्यायाम करायचं ठरवलेलं नव्हतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्यापैकी कुणी पहाटेचा गजर लावला नव्हता की नवीन बूट आणले नव्हते. पायऱ्या त्यांच्या कामातच होत्या. मुंबईत बेस्टच्या दुमजली गाड्या १९३७ पासून धावत होत्या, आणि तिकिटांची पेटी खणखणत वरखाली करणारे कंडक्टर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यांच्या हृदयाचा हिशेब आपल्याकडे कुणी मांडला असता तर वाचायला आवडला असता.

आता आपल्या माणसांकडे येऊ. ‘मी बारीक आहे, मला कसली साखर होणार?’ हे वाक्य दवाखान्यात रोज कानावर येतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर जे संशोधन केलं, त्यानं या समजाला मुळातून धक्का दिला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आलं. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून जो आकडा काढतात, तो बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी एकसारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला सडपातळ असलो तरी आतून चरबी बाळगून असतो, आणि ही ठेवण आईच्या पोटात असल्यापासून घडायला लागते. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालू आहे, त्यातून हे पुढे आलं. २०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. म्हणजे या सभागृहातल्या प्रत्येक रांगेत कुणी ना कुणी आहेच.

या माणसांनी करायचं काय? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली ४१ मधुमेही लोकांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे रोज तीस मिनिटं, वाटेल त्या वेळी चालायचं. मग मध्ये खंड देऊन दोन आठवडे प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालायचं. एकूण वेळ तीसच मिनिटं. जेवणानंतर चालण्याच्या पंधरवड्यात जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर २२ टक्क्यांनी. कारण सोपं आहे. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हलायला लागले की ते रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. आणि रक्तात साखर सर्वांत जास्त असते ती जेवणानंतर. आपल्याकडे रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊला, भात-पोळीनं भरलेलं, आणि ते झालं की माणूस टीव्हीसमोर किंवा मोबाईल घेऊन आडवा होतो. शतपावलीची वेळ नेमकी हीच आहे. जेवल्यावर छातीत दडपण येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी घराच्या गच्चीवर, गल्लीत, अंगणात, नाहीतर घरातल्या घरात दहा मिनिटं चालायला हरकत नाही.

चालण्याचा विषय निघाला की कुणीतरी लगेच विचारतं, ‘डॉक्टर, दहा हजार पावलं व्हायलाच हवीत ना?’ हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याचं वारं आलं, आणि १९६५ च्या सुमारास एका घड्याळ कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ अशा अर्थाचं होतं. तेव्हापासून तो आकडा जगभर रूढ झाला. २०१९ साली डॉ. आय-मिन ली यांनी अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्या बायकांमध्ये २,७०० चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. माझ्याकडे येणाऱ्या गुडघेदुखीच्या आजींना मी हे मुद्दाम सांगतो. दहा हजार जमत नाहीत म्हणून त्या एकही पाऊल टाकत नसतात.

इथवर काय करावं ते झालं. आता ते का होत नाही, याकडे वळतो.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं सर्रास सांगितलं जातं. त्याचा उगम एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकात आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० साली लिहिलं की चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ लोकांनी गाळला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्या सवयींना लावली. प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी आपापल्या पसंतीची एकेक लहान सवय निवडली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर ग्लासभर पाणी पिणं निवडलं, कुणी संध्याकाळच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं. १२ आठवडे ते रोज नोंद करत होते की आज ही गोष्ट किती आपोआप घडली. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८ दिवस पुरले, आणि कुणाला गणितानं पुढे ताणून पाहिलं तर २५४ दिवस लागतील असं दिसलं. पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि सर्वांत दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नव्हतं. आपल्याकडे एक दिवस चुकला की माणूस म्हणतो, मोडलं व्रत, आणि सोडून देतो. सवय म्हणजे व्रत नव्हे. एकादशी चुकली की पाप लागतं, शतपावली चुकली तर उद्या करावी.

या अभ्यासात प्रत्येकानं आपली नवी गोष्ट जुन्या, ठरलेल्या गोष्टीला जोडली होती. जेवणाबरोबर, न्याहारीनंतर, ऑफिसातून आल्यावर. मी ज्याला खुंटी म्हणतो ती हीच. आमच्या गावातल्या एक मावशी भाजीचा धंदा करतात. पहाटे चारला उठून मार्केट यार्डात लिलावाला जायचं, मग दिवसभर टोपली घेऊन बसायचं. त्यांचा रक्तदाब कायम १८० च्या आसपास. गोळ्या लिहून दिलेल्या, पण महिन्याची पट्टी तीन महिने पुरायची. रागावून उपयोग नव्हता, कारण बाई खोटं बोलत नव्हत्या, त्या खरोखर विसरत होत्या. गोळ्या ठेवायच्या कुठे, तर देवघरातल्या फोटोमागे, आणि देवपूजेला वेळ मिळायचा फक्त सोमवारी. मी विचारलं, ‘मावशी, उठल्यावर पहिला हात कशाला लागतो?’ म्हणाल्या, ‘चहापत्तीच्या डब्याला.’ घरात लहान मूल नव्हतं, म्हणून मी सांगितलं की पट्टी रबरबँडनं त्याच डब्याला बांधून ठेवा. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा रिकामी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘आता डबा हातात घेतला की बोट आपसूक पट्टीवर जातं, डॉक्टर.’ रक्तदाब उतरला होता. औषध तेच होतं, बाईही त्याच होत्या, फक्त पट्टी देवघरातून ओट्यावर आली होती.

महाराष्ट्रात एका माणसाच्या चालण्याबद्दल सगळ्यांनाच आदर आहे, ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचं १०४ वर्षांचं आयुष्य आणि १९५८ चा भारतरत्न सन्मान आपल्याला पाठ असतो. पण त्यांच्या चालण्याकडे एक डॉक्टर म्हणून जरा वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं. मुरूडचा हा मुलगा शालेय परीक्षेला बसण्यासाठी शंभर मैलांवर साताऱ्याला पायी गेला, आणि वय लहान दिसतं म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. मग तो तसाच परत चालत आला. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना त्यांचा अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याला, पुण्यापासून साधारण चार मैलांवर गेला. तेव्हा रस्ता धड नव्हता, पावसात चिखल असायचा. कॉलेज सुटल्यावर सामान घेऊन हिंगण्याला जायचं आणि सकाळी परत पुण्याला शिकवायला यायचं, हा क्रम त्यांनी कित्येक वर्षं चालवला. त्यांना कुणी विचारलं असतं की तुम्ही व्यायाम कोणता करता, तर हे चालणं त्यांनी व्यायामात धरलं असतं असं मला वाटत नाही. तिथल्या मुली वाट बघत होत्या म्हणून ते चालत होते. ज्या कामावर जीव आहे त्याला शरीराचे कष्ट जोडलेले असले की रोज निश्चय करावा लागत नाही.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हेच एका संस्थानाच्या पातळीवर केलं. स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांच्या वेळापत्रकात त्यांनी ते बसवले. सक्तीबद्दल मतभेद असू शकतात, मलाही ती फारशी रुचत नाही. पण शाळेच्या घंटेला जोडलेला व्यायाम मुलांच्या हातून होतो आणि ‘घरी करून या’ म्हणून सांगितलेला होत नाही, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

या विषयातलं सर्वांत मोठं काम मात्र फिनलंडमध्ये झालं, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ करेलिया नावाचा प्रांत आहे. जंगल, तलाव, गाईगुरं. लाकूडतोडे, शेतकरी, अंगमेहनतीची माणसं. १९७० च्या आसपास इथले पुरुष चाळिशी-पन्नाशीत हृदयविकारानं इतक्या संख्येनं मरत होते की जगातल्या सर्वाधिक प्रमाणांमध्ये त्याची गणती होती. पावावर लोण्याचा जाड थर, साय न काढलेलं दूध, खारवलेलं मांस आणि सिगारेट असा रोजचा आहार होता. तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला की काहीतरी करा. १९७२ साली काम सुरू झालं आणि त्याची सूत्रं पेक्का पुस्का या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरकडे आली. पुस्का यांच्या लवकर लक्षात आलं की पत्रकं वाटून काही होणार नाही. त्या भागात मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना होती. तिच्या बायकांनी गावोगाव दुपारचे मेळावे भरवले आणि रोजचीच स्ट्यू कमी मीठ आणि जास्त भाज्या घालून शिजवून सगळ्यांना जेवायला वाढली. खाऊन पाहिल्यावर नवऱ्यांची तक्रार कमी झाली. सॉसेज बनवणाऱ्यांशी बोलून चरबी आणि मीठ कमी करवलं. कोणत्या गावाचं कोलेस्टेरॉल जास्त उतरतं याच्या स्पर्धा लावल्या. दूधदुभत्यावर पोट असलेले शेतकरी चिडले, तेव्हा त्यांना बेरीफळांच्या लागवडीकडे वळायला मदत केली. पुढच्या चाळीस वर्षांत त्या प्रांतात कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकारानं होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

मार्थाच्या बायकांच्या जागी मला आमचे बचत गट दिसतात. लोणचं, पापड, कुरडया, शेव, फरसाण ही आपल्या मिठाची ठिकाणं, आणि ती बनवणारे हातही बहुतांशी याच गटांचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. आपण त्याच्या दीड-दोन पट खातो. जिभेचं एक बरं असतं, मीठ हळूहळू कमी केलं की काही आठवड्यांत तिला तेवढंच पुरेसं वाटायला लागतं आणि जुनं जेवण खारट लागतं. घरातल्या एकट्या म्हाताऱ्याला वेगळी अळणी भाजी वाढली तर तो दोन दिवसांत पुन्हा सगळ्यांच्या भाजीवर येतो. सगळ्या घराची भाजी कमी मिठाची झाली तर कुणाला कळतही नाही.

झोपेबद्दल फार बोलत नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी हवेत, आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवली तर झोपण्याची वेळ आपोआप मार्गावर येते. मोबाईल उशाशी चार्जिंगला लावायचा नाही, स्वयंपाकघरात लावायचा.

पाण्याबद्दल मात्र मला पोटतिडकीनं बोलायचंय. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मीही रोज देतो. पण माझ्याकडे लघवीच्या संसर्गानं वारंवार येणाऱ्या ज्या स्त्रिया आहेत, त्यांत शिक्षिका आहेत, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस आहेत, बाजारात बसणाऱ्या आहेत, नववी-दहावीच्या मुली आहेत. त्यांना पाण्याचं महत्त्व कळत नाही असं नाही. त्या सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जिथे दिवस काढायचा तिथे स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह नाही. मुंबईतल्या स्त्रियांनी ‘राइट टू पी’ नावानं चळवळ उभी केली ती याच एका हक्कासाठी. केरळमधल्या शाळांनी २०१९ साली मुलांनी पाणी प्यावं म्हणून वेगळी घंटा सुरू केली, ती कल्पना उत्तम आहे, पण त्या घंटेबरोबर नळाला पाणी असलेलं मुलींचं स्वच्छतागृह हवंच. एरवी ती घंटा फक्त मुलग्यांसाठी वाजते. पाणी पिण्याची सवय मुलीच्या अंगी बाणवायची जबाबदारी तिच्या आईपेक्षा आधी नगरपालिकेची आणि शाळेच्या संस्थाचालकांची आहे.

घरातल्या बाईची आणखी एक गोष्ट. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते, तेव्हा बाकीचे शतपावली करत असतात. ती जेवून उठते आणि भांड्यांकडे वळते. तिचे पाय दिवसभर चालतात, तरी तिच्या वाट्याला चालणं येत नाही, कारण मोकळ्या हवेत, हातात काम नसताना, दहा मिनिटं कुणाशी बोलत जाणं तिला मिळत नाही. जुन्या घरांच्या शिस्तीचं कौतुक करताना हे विसरू नये. पाय धुऊन घरात येणं, वेळेवर जेवणं, दिवेलागण झाली की बाहेरचं काम आवरणं, यांत शहाणपण होतं आणि ते मला परत हवं आहे. पण त्या शिस्तीचा सगळा भार एका माणसावर होता. रात्रीची भांडी घरातल्या पुरुषानं घासली तर एका घरातली दोन माणसं शतपावलीला निघतील.

आणि शेवटची सवय, माणसांची. अलामेडाच्याच पाहणीतून लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ साली आणखी एक निष्कर्ष मांडला. ज्यांना नातेवाईक, मित्र, मंडळ, देऊळ असं कुठलंच जवळचं जाळं नव्हतं, त्यांचं मृत्यूचं प्रमाण भरपूर जाळं असलेल्यांच्या दुपटीहून जास्त होतं, आणि सिगारेट, दारू, व्यायाम हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरत होता. आपल्याकडे मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात आणि आई-वडील गावी, अशी घरं वाढत चालली आहेत. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, पण सोमवार ते शनिवार ते कुणाशी बोलतात? निवृत्त माणूस सकाळी वाचनालयात पेपर वाचायला येतो तो बातमीसाठी येतो असं आपण समजतो. त्याच्या प्रकृतीच्या दृष्टीनं शेजारच्या खुर्चीतला माणूस त्या पेपराहून महत्त्वाचा असतो. चार दिवस तो आला नाही तर कुणीतरी त्याच्या घरी जावं. हे काम डॉक्टरांपेक्षा वाचनालयातले लोक चांगलं करतील.

म्हणून वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की आवारातले दिवे रात्री दहापर्यंत चालू ठेवावेत, म्हणजे आसपासच्या घरांतल्या बायकांना जेवणानंतर निर्धास्त चालायला जागा मिळेल. नगरपालिकेचे जे सदस्य इथे बसले आहेत, त्यांनी बाजारपेठेतल्या स्त्रियांसाठीचं स्वच्छतागृह या वर्षीच्या कामांच्या यादीत पहिलं घ्यावं. श्रोत्यांनी घरी गेल्यावर एकच गोष्ट निवडावी, ती रोजच्या कुठल्या कामाला जोडायची ते ठरवावं आणि घरातल्या एकाला सांगावं. आणि उद्याच्या व्याख्यानाला, ज्यांची घरं पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत त्यांनी गाडी काढू नये. लवकर जेवून, शेजाऱ्यांना हाक मारून, चालत या.